पाणी पूर्वेला, मंत्रालय पश्चिमेला

२०२३ मध्ये मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली. तहसील कचेऱ्यांतली दप्तरे चाळता चाळता समितीला थेट हैदराबाद गाठावे लागले. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणासाठीचे मुंबईच्या आझाद मैदानावरचे उपोषण सुटले, तेही सरकारने निजामकालीन हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा निर्णय काढल्यावर. मुंबईतल्या आंदोलनाचा कागद निजामाच्या राजधानीत सापडावा, याचे पुण्या-मुंबईच्या वाचकाला नवल वाटले असेल. नांदेड-परभणीकडच्या माणसाला वाटले नसेल. तिथे आजोबांच्या सातबाऱ्यापासून रेल्वेच्या वेळापत्रकापर्यंत बऱ्याच गोष्टींची वाट हैदराबादवरून जाते.

मुळात तिथला उतारच तसा आहे. उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेकडे बालाघाट आणि दोन्हींच्या मध्ये काळ्या मातीचे, पूर्वेकडे कललेले सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटरचे पठार. गोदावरी पैठणवरून वाहत येते आणि नांदेड मागे टाकून तेलंगणात शिरते. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ उगम पावते, लातूर, बीदर करत मेदककडे जाते आणि तिथून उत्तरेला वळून कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते. याच मांजरेवर निजामाने १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधला. पुढे तिच्यावरच्याच सिंगूरचे पाणी हैदराबाद शहराच्या नळांना आले. थोडक्यात, पाटोद्याच्या माळावर पडलेला पाऊस हैदराबादला पोचू शकतो, मुंबईला कधीच नाही. आणि तो पाऊसही बेताचा, वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, तोसुद्धा लहरी. सह्याद्रीने आधीच ढग रिकामे करून पाठवलेले असतात.

हैदराबाद मोठे व्हायच्या आधी गंगा उलटी वाहत होती. सातवाहनांचे पैठण आणि यादवांची देवगिरी याच भूमीतल्या. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला, म्हणजे याच देवगिरीला, आणण्याचा घाट घातला. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिला नहरींनी पाणी दिले. त्याच खडकीचे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. निजाम उल्मुल्कने १७२४ मध्ये दख्खनमध्ये बस्तान बसवले तेव्हा त्याचेही ठाणे औरंगाबादच होते. निजामाच्या राज्याची राजधानी हैदराबादला हलली ती १७६३ मध्ये, म्हणजे गोदाकाठच्या राक्षसभुवनला पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा धुव्वा उडवला त्याच वर्षी. तेव्हापासून राजधानीचा प्रदेश राजधानीपासून दूरचा सुभा झाला.

त्या राज्याला किनारा नव्हता. चहूबाजूंनी ब्रिटिश मुलूख असलेले ते जमिनीवरचे बेटच म्हणायचे. नाणे वेगळे, टपाल वेगळे, जकात वेगळी. हाली शिक्का आणि इंग्रजी कलदार यांचा हिशेब साधारण सात हालीला सहा कलदार असा चाले, आणि हाली चलनातून पुरता गेला तो १९५९ मध्ये. सरहद्दीवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी होती. राज्याची सुमारे चौथाई प्रजा मराठी बोलणारी, पण कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूतून. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. त्यामुळे मराठीची पहिली फळी उभी राहिली ती खुद्द हैदराबादेत. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने विवेकवर्धिनी शाळा रुजवली, १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. खेड्यांत मात्र जहागीरदार आणि निजामाच्या खाजगी मालकीचा सर्फेखास मुलूख. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढच्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली निजामाविरुद्ध लढा पेटला. त्यात करोडगिरीची नाकी लक्ष्य झाली ती उगीच नाही. सामान्य माणसाला निजामाचे राज्य रोज भेटायचे ते तिथेच. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. पाचांचे आज आठ झाले आहेत.

राज्य बदलले, रूळ मात्र होते तिथेच राहिले. १९०० च्या सुमारास निजामाच्या रेल्वेने सिकंदराबादहून मनमाडपर्यंत मीटरगेज टाकली. मनमाडला मुंबईकडची ब्रॉडगेज. म्हणजे जालना, सेलू, परभणीच्या कापसाच्या गाठी तिथे उतरवायच्या आणि दुसऱ्या गाडीत चढवायच्या. हा अडथळा १९९० च्या दशकापर्यंत टिकला. प्रांताचे दारिद्र्य केवळ पावसावर टाकणाऱ्यांनी या मनमाडच्या फलाटाचाही विचार करावा. गंमत म्हणजे २००३ मध्ये नांदेडला स्वतंत्र रेल्वे विभाग मिळाला, तरी तो दक्षिण मध्य रेल्वेतच राहिला. मुख्यालय अर्थातच सिकंदराबाद.

पैसा कुठून येतो, याचे चित्र ठिकठिकाणी वेगळे. जालन्याच्या मोंढ्याची भरभराट जुनी. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांची राजधानी झाला. पुढे लोखंडी सळ्यांचे कारखाने आले. लातूरचा मोंढा तूर आणि सोयाबीनचा, डाळमिलांचा. छत्रपती संभाजीनगरला १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि शहराचा चेहरा बदलला. नांदेडची उस्मानशाही मिल मात्र इतिहासजमा झाली. बीडमधून दर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आणि जिथे माणसाला प्यायला पाणी नाही, त्याच भागात कारखान्यांसाठी ऊस लावला जातो. याला कोणता निजाम जबाबदार धरायचा?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून पाण्याची रेल्वे धावली. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. एके काळी ज्या मार्गावर बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची, त्याच आता रुंद झालेल्या मार्गावरून पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी आले. जायकवाडीची कथाही पाण्याच्याच ओढाताणीची. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केले, आणि पाऊस कमी झाला की नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे याचे भांडण न्यायालयात जाते. वरच्यांशी जायकवाडीचा वाद, तसा खालच्यांशी बाभळीचा. नांदेड जिल्ह्यातल्या या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला. म्हणजे पावसाळ्यात पाणी अडवायचे नाही आणि पावसाळा संपला की नदीत उरेल त्यातलेही ठरल्या मर्यादेपर्यंतच आपले.

धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या पट्ट्यात या सगळ्याचा हिशेब रोज होतो. बाजार निजामाबादला, मोठे दवाखाने हैदराबादला, बोलण्यात तेलुगू. २०१८ मध्ये तेलंगणाने शेतकऱ्याला एका हंगामासाठी एकरी चार हजार रुपये द्यायला सुरुवात केली, तेव्हा या पट्ट्यातल्या अनेक गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या, अशी मागणीच केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी नांदेडला सभा घेऊन महाराष्ट्रात पक्ष वाढवण्याचा बेत जाहीर केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेलंगणातलीच त्यांची सत्ता गेली आणि नांदेडचा बेतही बारगळला. सीमेवरच्या गावांचा बाजार मात्र अजून निजामाबादलाच भरतो.