क्रमांक वरचा, नाव अनोळखी : विद्यापीठ कसं पारखावं?

बारावीचा निकाल लागला की आसनगाव स्टेशनाबाहेर आणि मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर नवे फलक दिसू लागतात. विद्यापीठाचं नाव कधी न ऐकलेलं, गाव दोन राज्यं पलीकडचं, आणि नावाखाली ठळक आकडा : देशात अमुकावा क्रमांक. मग पालक आमच्याकडे येतात. "सर, नाव कुणालाच माहीत नाही, पण नंबर वरचा आहे. पाठवू का?" शहापुरात आणि मुरबाडात हा प्रश्न इतक्या वेळा आला, की आजचं व्याख्यान त्यावरच द्यायचं आम्ही ठरवलं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कोणत्या शाखेला किती स्कोप आहे, ते आम्हाला विचारू नका. पण जे आपण स्वतः पाहिलेलं नाही त्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा, हा प्रश्न आमच्याच विषयातला आहे आणि फार जुना आहे.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आता विद्यापीठाचं प्रत्यक्ष ज्ञान कधी होतं? तिथे चार वर्षं काढल्यावर. म्हणजे फी भरून झाल्यावर. आंबा चाखून घेता येतो, विद्यापीठ चाखून घेता येत नाही. तेव्हा आपली सगळी भिस्त शब्दावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर. आणि नैयायिकांनी इथे मोठी व्यवहारी अट घातली आहे. सांगणारा 'आप्त' हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हो. ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने तर असंही म्हटलं आहे, की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू. माणूस कोण आहे ते बघू नका, त्याला काय माहीत आहे ते बघा.

क्रमवारी हाही शब्दच आहे. कुणीतरी आपल्याला काहीतरी सांगतं आहे. मग तिला दोन प्रश्न विचारायचे : तुला नेमकं काय माहीत आहे, आणि ते तुला कुणी सांगितलं?

आपल्या देशातली सरकारी क्रमवारी म्हणजे एनआयआरएफ. पहिली यादी २०१६ साली आली. विद्यापीठांसाठी तिच्यात १०० पैकी गुण असे वाटलेले असतात : अध्यापन व साधनसामग्री ३०, संशोधन ३०, विद्यार्थ्यांचे निकाल व पुढची वाटचाल २०, समाजाच्या सर्व थरांतल्या मुलांना सामावून घेणं १०, आणि लोकांच्या मनातली प्रतिमा १०. बहुतेक माहिती संस्था स्वतःच भरून देते. शोधनिबंधांची मोजणी बाहेरच्या माहितीसाठ्यांतून होते.

आता गंमत बघा. प्रतिमेला गुण आहेत, तरी हे विद्यापीठ अनोळखी आहे आणि क्रमांक वरचा आहे. म्हणजे प्रतिमेत जे गेलं ते दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात भरून निघालं असणार. कुठल्या? एवढं पाहिलं तरी अर्धं काम होतं. पाचही रकान्यांचे गुण एनआयआरएफच्या संकेतस्थळावर वेगवेगळे दिलेले असतात. प्रतिमा कमी पण अध्यापन आणि निकाल चांगले, तर ती संस्था बहुधा नुसती प्रसिद्धीत मागे असेल. अशा जागा शोधण्यासारख्या असतात. पण प्रतिमा कमी, निकाल बेताचे आणि संशोधन मात्र आभाळाला टेकलेलं, तर थांबा. ते संशोधन तुमच्या मुलाच्या वर्गात पोचतं का ते विचारा. बी.एस्सी.च्या मुलीला शिकवायला वर्गावर कोण येतं, शोधनिबंधांच्या संख्येवरून ते कळत नाही. शिवाय ती संख्या फुगवता येते. म्हणून तर २०२५च्या क्रमवारीपासून, मागे घ्याव्या लागलेल्या शोधनिबंधांसाठी गुण वजा करायला सुरुवात झाली.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ अमेरिकेतल्या एका गाजलेल्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. २०२२ साली त्याच विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी संस्थेने दिलेले आकडे तपासले आणि ते जुळत नाहीत असं जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी विद्यापीठ अठराव्या क्रमांकावर आलं. सांगा, त्या वर्षभरात तिथले गुरुजी बदलले होते का? ग्रंथालय जळालं होतं का? जे होतं तेच होतं, फक्त आकडा बदलला. नॅकच्या श्रेणीचंही तसंच. ए प्लस प्लस श्रेणी पाहून दबून जाऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह सदस्यांना लाचेच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली होती. म्हणून सगळ्याच श्रेणी खोट्या असं आम्ही म्हणत नाही. श्रेणी हा एक साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी होते, इतकंच.

'अनोळखी' या शब्दाचीही उलटतपासणी करू. अनोळखी कुणाला? माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था घ्या. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. डॉ. रघुनाथ माशेलकर तिथलेच विद्यार्थी. आपल्या पाड्यावर दहा जणांना विचारा, नऊ जण नाव ऐकलं नाही म्हणतील. पण मुरबाड एमआयडीसीत एखाद्या रसायनाच्या कारखान्यात उत्पादन बघणाऱ्या साहेबांना विचारा, ते खुर्चीत सरसावून बसतील. दुसरं उदाहरण होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचं. २००५ पासूनचं हे अभिमत विद्यापीठ, मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला, आणि क्रमवारीत सतत वर. पण भाभा अणुसंशोधन केंद्र, टाटा मेमोरियल अशा संस्था मिळून ते बनलेलं आहे, आणि तिथलं काम मुख्यतः पीएच.डी. आणि पदव्युत्तर पातळीचं. बारावी कॉमर्स झालेल्या मुलाला त्या क्रमांकाचा उपयोग शून्य. बारावी सायन्सच्या मुलाला मात्र एक वाट आहे : नेस्ट नावाची प्रवेश परीक्षा. तिच्यातून भुवनेश्वरच्या नायसरमध्ये पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो, आणि पदवी होमी भाभाची. त्याच परीक्षेतून कलिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रातही जाता येतं. आसनगावहून लोकलने जाण्याची जागा, पण ती माहीत असलेली मुलं आपल्या तालुक्यांत फार थोडी.

तेव्हा क्रमांक संस्थेचा असतो, आणि मूल जातं विभागात. यावरून आणखी एक सांगून टाकतो. शहापूरच्या किंवा शिवळ्याच्या महाविद्यालयात शिकलेल्या मुलाच्या पदवीवर 'मुंबई विद्यापीठ' असतं. विद्यापीठाच्या क्रमांकात मात्र विद्यापीठाचे स्वतःचे विभाग मोजतात, संलग्न महाविद्यालयांची यादी वेगळी. तिकडचा वरचा क्रमांक जसा आपोआप वर्गात झिरपत नाही, तसा इकडचा खालचाही नाही.

आता पैशाकडे येतो. इथे मात्र जरा सावकाश बोलतो, कारण घरं इथे अडचणीत येतात.

मुरबाड तालुक्यातलं एक कुणबी कुटुंब आमच्याकडे आलं होतं. मुलगी हुशार, सीईटीत चांगले गुण. दूरच्या एका खासगी अभिमत विद्यापीठात इंजिनिअरिंगला जागा मिळत होती, क्रमांक वरचा. वडील भाताचा एक तुकडा विकायच्या तयारीत होते. आम्ही एवढंच विचारलं, "दादा, आठ जुलैचा जी.आर. वाचला का?" नव्हता वाचला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. आपल्याकडच्या कुणबी, आगरी घरांतल्या कितीतरी मुली यात बसतात. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत! म्हणजे कल्याण-ठाण्याकडच्या साध्या संलग्न महाविद्यालयात जी मुलगी शिक्षण शुल्क न भरता शिकली असती, तिच्यासाठी त्या वरच्या क्रमांकापायी जमीन जाणार होती. फलकावर हे लिहिलेलं नसतं. तो खर्च करण्याइतका त्या दोन जागांच्या शिकवण्यात फरक आहे का, हे बघायला आम्ही सांगितलं. त्यांनी दोन्हीकडचे आकडे काढले, आणि मुलीने कॅपमधली जागा घेतली.

क्रमांकाचा पैशाच्या बाजूने एक खरा उपयोगही आहे, तोही सांगितला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. एनआयआरएफमध्ये वर असलेल्या ठरावीक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर बँक तारण आणि जामीनदार न मागता शैक्षणिक कर्ज देते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसरी सवलत न घेणाऱ्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज-सवलतही आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला ही मोठी गोष्ट. पण कर्ज बिनतारणी असलं तरी फेडायचं असतंच. आदिवासी मुलांनी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन, या संस्थेत, या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्ती लागू आहे का, हे प्रवेशाआधी विचारावं. लेखी विचारावं. प्रवेश देणाऱ्या एजंटाचं "होऊन जाईल" हा आप्ताचा शब्द नव्हे.

फेडायचं कशातून, याचं उत्तर कुठे मिळतं? क्रमवारीसाठी संस्थेने भरलेली माहिती खुली असते, आणि आमच्या मते ती क्रमांकापेक्षा जास्त बोलते. तिच्यात चार गोष्टी बघा. किती मुलांनी प्रवेश घेतला आणि त्यातली किती ठरलेल्या वर्षांत उत्तीर्ण झाली. किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले. किती जणांना पूर्ण फी-माफी मिळाली आणि ती कुणाकडून, सरकारकडून की संस्थेकडून. आणि पगाराचा मध्यक. हा मध्यक समजून घ्या. अकरा मुलांपैकी दहांना तीन-तीन लाख मिळाले आणि एकाला चाळीस लाख, तर सरासरी सव्वासहा लाखांच्या वर जाते. फलकावर चाळीस लाख छापतात. मुलांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं, तर मधल्याच्या हातात तीन लाखच असतात. तुमचं मूल त्या मधल्याच्या आसपास असण्याची शक्यता जास्त, म्हणून कर्जाचा हप्ता त्याच्या पगाराशी ताडून पाहा.

एवढं झालं तरी काही गोष्टी आकड्यांत येत नाहीत. आणि इथे आम्हाला महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ आठवतं. १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर ते सुरू झालं. क्रमांक सोडा, सरकारी मान्यताही नव्हती. कायद्याने मान्यता १९५१ साली मिळाली, म्हणजे पस्तीस वर्षं पालकांनी मुली पाठवल्या त्या कशाच्या भरवशावर? शिकवणारा माणूस माहीत होता, मातृभाषेतून शिकवतात हे माहीत होतं, आणि आधी गेलेल्या मुली डोळ्यांसमोर होत्या. याची किंमतही त्या मुलींनी मोजली; मान्यता नसलेल्या पदवीवर सरकारी दारं सहज उघडत नाहीत. म्हणून यूजीसीची मान्यता आधी तपासाच, त्याला पर्याय नाही. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी स्वतः जाहीर करते. पण मान्यतेनंतरचा प्रश्न अजून तोच उरतो : आधी गेलेल्यांचं काय झालं?

व्याख्यानानंतर शहापुरात एका ताईंनी विचारलं, "सर, तुमचा तो आप्त आम्ही आणायचा कुठून?" बरोबर प्रश्न आहे. आमच्या हिशेबाने तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेला, आपल्याच भागातला, आपल्याइतक्याच ऐपतीच्या घरातला मुलगा किंवा मुलगी हा सर्वांत चांगला आप्त. पहिल्या वर्षाचा नको, त्याला अजून नवलाई असते. संस्थेने पुढे केलेला तर नकोच. आपल्या हायस्कूलच्या किंवा ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांकडून नाव मिळतं, ते नाही जमलं तर तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारा. फोनवर "कसं आहे कॉलेज?" असं विचारलं की सगळे "चांगलं आहे" म्हणतात. त्यापेक्षा बारीक विचारा. या आठवड्यात किती तास झाले? प्रयोगशाळेत स्वतः हात लावायला मिळतो का? नापास झालेल्याला कुणी जवळ घेतं का? फीशिवाय वर्षाला आणखी किती गेले? मराठी माध्यमातून गेल्यावर पहिलं सत्र कसं गेलं? तुझ्याबरोबरचे किती जण सोडून गेले?

आणि हे जूनमध्ये विचारू नका, तेव्हा घाई असते. पौष पौर्णिमेला, जानेवारीच्या सुमारास, म्हशाच्या जत्रेला बाहेर शिकणारी पोरं घरी येतात. तेव्हा प्रवेशाला पाच महिने असतात, आणि समोरासमोर बसल्यावर पोरं खरं बोलतात.