घारापुरीला जाताय? तोफांपर्यंत चढाच!

नवी मुंबईकरांनो, घारापुरी आपल्या रायगडातलं, उरण तालुक्यातलं बेट. गेटवेहून लाँचने साधारण तासाभरात पोचता येतं. धक्क्यावर उतरलं की छोटी झुकझुक गाडी पायऱ्यांपर्यंत नेते. लहान मुलांनी ती चुकवूच नये!

पायऱ्या चढून लेण्यांत गेलात की शिवाच्या त्रिमूर्तीसमोर निवांत थांबा. १९८७पासून ही लेणी जागतिक वारसा आहेत. पण बहुतेक जण तिथूनच माघारी फिरतात, याची मला खरंच हळहळ वाटते. वर डोंगरमाथ्यावर ब्रिटिशकालीन दोन अजस्र तोफा आहेत, मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बसवलेल्या. नळी अजून समुद्राकडे रोखलेली. पलीकडे न्हावाशेवाच्या क्रेन आणि कंटेनरची जहाजं दिसतात. शिवलेणी, तोफा आणि आधुनिक बंदर एकाच फेरीत, असं ठिकाण मला दुसरं माहीत नाही.

पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो दगडी हत्ती मात्र इथे शोधू नका. तो भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

लेणी सोमवारी बंद असतात. पाणी सोबत ठेवा, आणि खाऊ माकडांपासून जपा.