कर कमी जमला, हेच यश

दिवाळी अंकात साखरेविरुद्ध लिहायचं म्हणजे लग्नघरात बसून उपासाचं माहात्म्य सांगण्यासारखं आहे. पण निमित्त आपल्या नागपूरचं आहे. २०२५च्या जुलैमध्ये तिथल्या एम्समध्ये समोसा-जिलेबीतल्या तेल-साखरेचे फलक लागणार अशी बातमी आली आणि देशभर थट्टा सुरू झाली. शेवटी केंद्राला खुलासा करावा लागला की, इशारा कुठल्याही पदार्थावर छापायचा नाही, कचेऱ्यांत फक्त माहितीचे फलक लावायचे आहेत. थट्टा ओसरली. असल्या फलकांनी खाणं बदलतं का, आणि बदललं तर ते ओळखायचं कसं, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही.

याचं उत्तर शोधायला ब्रिटनइतकी सोयीची जागा नाही. तिथे एकाच सुमारास दोन उपाय सुरू झाले. पहिला विनवणीचा: बिस्किटं, चॉकलेट, न्याहारीची सीरिअल्स बनवणाऱ्यांनी २०२०पर्यंत साखर आपणहून २० टक्क्यांनी कमी करावी. दुसरा कराचा. सुरुवातीचे दर असे होते: १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असलेल्या शीतपेयाला कर नाही, ५ ग्रॅमपासून पुढे लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅमपासून पुढे २४ पेन्स. घोषणा मार्च २०१६ची, वसुली एप्रिल २०१८पासून. मधली दोन वर्षं मुद्दाम दिलेली होती: पाककृती बदला, कर वाचवा.

विनवणीतून साखर घटली सुमारे साडेतीन टक्के. कराच्या कक्षेतल्या पेयांमध्ये ती घटली चाळीस टक्क्यांहून जास्त. पहिल्या वर्षी ५२ कोटी पौंड मिळतील असा सरकारी अंदाज होता, हाती आले साधारण २४ कोटी. एरवी अशा आकड्यावर अर्थमंत्र्यांना धारेवर धरलं जातं. इथे मात्र कंपन्यांनी साखर काढली म्हणूनच वसुली घटली होती.

पण साखर कमी झाली म्हणून माणसं बारीक झाली का? इथे मोजणाऱ्याची खरी परीक्षा असते. 'काल काय खाल्लंत?' असं विचारलं की आपण सगळेच दोन लाडू विसरतो, म्हणून संशोधक खरेदीच्या नोंदी तपासतात. पण खरेदी म्हणजे वजन नव्हे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३मध्ये मांडलेल्या अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा, कर नसता तर जितका दिसला असता, त्याहून सुमारे ८ टक्के कमी दिसला. मुलग्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. 'कराने लठ्ठपणा घटला' हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं.

चिलीने २०१६मध्ये वेगळी वाट धरली. साखर, मीठ, स्निग्धांश किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटावर काळा अष्टकोन आला, शाळांत अशा मालाच्या विक्रीला बंदी झाली आणि सीरिअलच्या खोक्यावरचा मुलांना भुलवणारा वाघोबाही गेला. दोन हजारांहून अधिक कुटुंबांच्या खरेदीवरून दिसलं की, 'जास्त साखर'वाल्या पेयांची खरेदी पूर्वीच्या कलावरून अपेक्षित होती त्यापेक्षा सुमारे २४ टक्के कमी झाली. सोबत कृत्रिम गोडव्याची पेयं वाढली. ते चांगलं की वाईट, याचा निकाल घाईने देऊ नये.

प्रत्येक कर टिकतोच असंही नाही. डेन्मार्कने २०११मध्ये संपृक्त स्निग्धांशावर कर लावला. लोक लोण्यासाठी सीमा ओलांडून जर्मनीत जाऊ लागले, आणि पंधरा महिन्यांत कर गेला.

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२च्या मसुद्यात पाकिटावर अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे सुचवले. मला ते पटत नाही. अर्धा तारा असला तरी तो ताराच, आणि शाळेपासून आपल्याला तारा म्हणजे शाबासकी हेच शिकवलं आहे. फलकांचंही तसंच. जिलेबीत साखर असते हे नागपुरात कुणाला ठाऊक नव्हतं?

त्याच प्राधिकरणाचं दुसरं काम मात्र गाजावाजा न होता झालं. तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा आधी १० टक्के होती, ती ५ आणि ३ करत जानेवारी २०२२पासून २ टक्क्यांवर आली. त्यासाठी गिऱ्हाइकाला एकही फलक वाचावा लागला नाही.