रेडिओची घरघर आणि एलिमिनेटरची निवड



पुराचे दिवस आहेत असे समजा. रेडिओवर निवेदक सांगतो, आयर्विन पुलाजवळ पाणी पंचेचाळीस फूट. नेमकी तेव्हाच घरघर होते आणि तुम्हाला ऐकू येते नुसते "चाळीस". सांगलीत ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी. म्हणजे जनावरे हलवायची वेळ होऊन गेली, आणि आपण अजून दावणीलाच!

अशा वेळी रेडिओ दुरुस्तीला नेला जातो. दुकानदार सेल घालून लावतो, छान वाजतो. घरी आणला की पुन्हा तेच. दोष रेडिओचा नसतोच, तो विजेवर चालवणाऱ्या एलिमिनेटरचा असतो.

म्हणून आधी एवढे करा. एलिमिनेटरची पिन भिंतीतून काढा आणि सेलवर ऐका. आवाज स्वच्छ झाला तर चोर सापडला. सेलवरही खरखर राहिली तर घरातले एलईडी दिवे एकेक बंद करून पाहा. सेकंदाला एक अशी टिक-टिक येत असेल तर कुंपणाचे झटका मशीन तपासा.

बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एक जुनी, ट्रान्स्फॉर्मरची. हातात जड लागते. दुसरी हलकी, मोबाइलच्या चार्जरसारखी. या हलक्या यंत्रात वीज सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा किंवा त्याहून जास्त उघडझाप करते. तिचे पटीतले सूर ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या मध्यम लहरींच्या पट्ट्यात जागोजाग पडतात. सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली. तिचे १२५१ किलोहर्ट्झ हे ठिकाणही याच पट्ट्यातले. एफएमला हा त्रास पुष्कळ कमी. पण पाटण-कोयनेच्या डोंगराआड एफएम नीट पोचत नाही, तिथे मध्यम लहरींचाच आधार. तेव्हा रेडिओसाठी जडच घ्या. स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून दुकानदार हलका पुढे करील. चार्जिंगला तो उत्तम, इथे नको.

जड घेतला म्हणजे झाले असेही नाही. आतला फिल्टर कपॅसिटर लहान असेल तर एकसारखा "हूं" आवाज येतो. २०० मिलिअँपिअर घेणाऱ्या रेडिओला २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बरा. काही ठिकाणी गंमत अशी, की स्टेशन लागले की गुणगुण आणि काटा बाजूला नेला की शांत. मग मेकॅनिककडून प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर टाकून घ्या. खर्च किरकोळ. घरी मात्र कोणताही एलिमिनेटर उघडू नका.

चार सेलच्या रेडिओला ६ व्होल्ट लागतात. साधा एलिमिनेटर मोकळा मोजला तर ८-९ व्होल्टही दाखवतो, म्हणून ७८०६ रेग्युलेटर असलेला मागा. त्याला आत किमान ८ व्होल्ट यावे लागतात. पंप सुरू झाले की गावात व्होल्टेज २३० वरून १८० वर येते, त्या वेळी ६ व्होल्टचा ट्रान्स्फॉर्मर पुरा पडत नाही आणि हूं सुरू होते. ट्रान्स्फॉर्मर ९ व्होल्टचाच हवा. पिनेचे मधले टोक धन की ऋण, हे रेडिओच्या पाठीवर छापलेले असते. ते न पाहता लावला तर रेडिओ जळू शकतो.

लाइट नसेल आणि ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ऐकायचे असेल, तर सिगारेट-सॉकेटचा मोबाइल चार्जर जोडू नका, तोही उघडझापवालाच. तिथेही ७८०६ चालतो, पण इंजिन चालू असताना बॅटरी १४ व्होल्टवर जाते. उरलेले ८ व्होल्ट रेग्युलेटर उष्णता करून टाकतो, २०० मिलिअँपिअरला सुमारे दीड वॅट. म्हणून त्याला ॲल्युमिनियमचा पत्रा हवाच, आणि बॅटरीच्या धन टोकाशीच फ्यूज.

एलिमिनेटर रेडिओला चिकटवून ठेवू नका, दोन-तीन हात लांब ठेवा. तरी खरखर राहिली तर रेडिओ जागेवरच हळूहळू वळवा. आत फेराइटची कांडी असते. एका कोनात खरखर अगदी बसते आणि स्टेशन तसेच राहते. त्या कोनाला फळीवर खडूने खूण करून ठेवा, म्हणजे रात्री कंदिलाच्या उजेडातही रेडिओ नेमका तसाच ठेवता येईल.