स्मरणशक्तीची चाचणी कधी करावी?

राहुरीच्या बाजारातून पायाखालच्या वाटेने परतताना आजोबा चुकू लागले, सुट्या पैशांचा हिशेब जमेना, तर ते निव्वळ वय नव्हे. आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासावे. त्यातला दोष औषधाने सुधारू शकतो. तरी विसर वाढला, किंवा पक्षाघातानंतर, डोक्याला मार लागल्यावर स्वभाव बदलला, तर न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीसाठी पाठवावे.

ताप, भ्रम असताना मात्र नको.

या चाचणीत शब्द आठवणे, आकृती काढणे असे काही तास चालते. शाळा न पाहिलेल्या आजीचे लेखनाचे गुण कापणे अन्यायाचेच. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडमधल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी निरक्षरांनाही चालेल अशी हिंदी प्राथमिक चाचणी बनली, १९९५मध्ये प्रसिद्ध झाली.

कुठे विचारावे, हे उमजत नसेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास.