सातबाऱ्यामागचा डेटाबेस : महागडा की भरवशाचा?

आष्टी (जि. जालना) : खरिपाच्या तोंडावर परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावात पीककर्जासाठी आणि पीकविम्यासाठी सातबाऱ्याची गरज भासते. अशा वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर शेतकऱ्याचा दिवस बुडतो. मुदत संपत आली असेल, तर विमाही हुकतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. अशा सेवेचा कणा असतो तो डेटाबेस. तो निवडताना कोणत्या कसोट्या लावाव्यात?

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवली जाते. जमिनीचा व्यवहार झाल्यावर जुने नाव कमी होणे आणि नवे लागणे या दोन्ही गोष्टी एकत्रच घडतात, अन्यथा एकही घडत नाही. ओरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या चारही प्रणाली ही हमी देतात. फरक आहे तो पुढील तीन बाबतींत.

वाढता भार : सातबारा पाहणारे अनेक, फेरफार करणारे थोडे. पाहणाऱ्यांसाठी माहितीच्या प्रती निरनिराळ्या सर्व्हरवर ठेवता येतात. नव्या नोंदी मात्र सहसा एकाच मुख्य सर्व्हरवर होतात. ओरॅकलच्या ‘रॅक’ सुविधेत अनेक सर्व्हर एकाच डेटाबेसमध्ये नोंदी करू शकतात. दुसरा मार्ग जिल्हावार विभागणीचा. जालन्याच्या नोंदी नाशिकपासून वेगळ्या ठेवल्या, की भार वाटला जातो. देखभाल मात्र वाढते.

उपलब्धता : ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद; ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. त्यासाठी राखीव सर्व्हर सज्ज ठेवावा लागतो. ही सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून ‘ऑलवेज ऑन’ या नावाने, तर पोस्टग्रेसमध्ये २०१० पासून आहे. पोस्टग्रेसमध्ये राखीव सर्व्हर आपोआप सूत्रे हाती घेण्यासाठी ‘पॅट्रोनी’सारखे स्वतंत्र साधन जोडावे लागते. मात्र राखीव सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद तेथूनही क्षणार्धात पुसली जाते.

खर्च : ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरच्या मोठ्या आवृत्त्यांचे परवाना शुल्क प्रोसेसरच्या क्षमतेनुसार वाढते. ‘रॅक’साठी ओरॅकलच्या एंटरप्राइज आवृत्तीवर वेगळे पैसे पडतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती यांना परवाना शुल्क नाही. पण यंत्रे आणि जाणकार मनुष्यबळ फुकट मिळत नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले.

सातबाऱ्यासारख्या, वाचन अधिक आणि नोंदी कमी असलेल्या कामास शुल्कमुक्त प्रणालीही पुरेशी ठरू शकते. अट एकच : वाचलेला पैसा राखीव सर्व्हर, बॅकअपची नियमित चाचणी आणि प्रशिक्षित माणसे यांवर खर्च व्हावा. अर्थात, गावातील वीज किंवा इंटरनेटच गेले, तर जगातील सर्वांत महागडा डेटाबेसही आष्टीच्या शेतकऱ्याला उतारा देऊ शकणार नाही.