पोटाचा नाच

‘‘आई, समोरच्या काकूंनी तुला मेंदीला बोलावलंय गं,’’ लेकीनं सांगितलं तेव्हा मी बाळाला पायांवर घेऊन तेल चोळत होते. २०१६ सालची गोष्ट. तिच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीला, कोलोनला गेले होते. (धुरी-शेगडीचे लाड तिथं चालत नाहीत. पहिल्याच दिवशी मी तव्यावर ओवा जाळला, तर छतावरचा भोंगा असा केकाटला की जावईबापू ऑफिसचा फोन टाकून धावत आले.)

समोरचं बिऱ्हाड तुर्की होतं. १९६१ साली जर्मनीनं कारखान्यांसाठी तुर्कस्तानातून कामगार आणायचा करार केला. त्या लाटेत काकूंचे वडील आले आणि इथलेच झाले. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, मला जर्मन येत नव्हतं, पण आमचं खुणांवर आणि ताटांवर छान चालायचं. मी थालीपीठ पाठवलं की तिकडून द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात यायचा. ती मला ‘आबला’ म्हणायची. सुरुवातीला मला रागच आला. दोन लेकरं वाढवली, संसार ओढला, मी कसली अबला? मग लेकीनं हसत सांगितलं, ‘‘अगं, तुर्कीत आबला म्हणजे ताई!’’

तर या ताईला मेंदीचं आमंत्रण होतं. लेक पुढे म्हणाली, ‘‘तिथं नाच असतो हं. बेली डान्स.’’ माझा हात तेलाच्या वाटीतच थांबला.

खरं सांगते, बेली डान्स म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. डाकूंचा नाहीतर स्मगलरचा अड्डा, दारूचे पेले, लोडाला टेकलेले पुरुष आणि मध्ये चमचमत्या चोळीतली बाई. ‘शोले’ १९७५ साली आला. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये हेलनचं ते गाणं सुरू झालं की बाबा पाणी प्यायला बाहेर जायचे आणि आई आमचे डोळे झाकायची. बोटांच्या फटीतून दिसलं तेवढंच माझं ज्ञान! पुढे ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ हा १९६३ चा बाँडपट पाहिला. तो इस्तंबूलमध्ये घडतो. सुरुवातीला नाचणाऱ्या बाईच्या अंगावर, पोटावर, मांड्यांवर नटांची आणि तंत्रज्ञांची नावं उमटत जातात. बाईचाच पडदा केलेला! तिचा चेहरा कसा होता म्हणाल, तर मला आठवत नाही. तो दाखवायचाच नव्हता त्यांना.

असं चित्र मनात घेऊन मी जरीकाठाची साडी नेसून त्या हॉलवर गेले. दारातच पहिला धक्का बसला. पुरुषांना मज्जाव होता. नवरदेव, त्याचे भाऊ, वधूपिता, सगळे घरी! आत पन्नास-साठ बायका, चहाचे पेले आणि प्रचंड कलकलाट. काकूंची थोरली लेक सोनेरी नक्षीच्या लाल मखमली झग्यात बसली होती. तोंडावर लाल ओढणी. मैत्रिणी हातात मेणबत्त्या घेऊन तिच्याभोवती फिरत एक गाणं म्हणू लागल्या. दूरदेशी दिलेल्या मुलीला आईची, गावाची आठवण येते, असा त्याचा भाव. मुलगी रडलीच पाहिजे असा रिवाज आहे म्हणे. रडली. काकू रडल्या, मी रडले. भाषा कळायची गरजच पडली नाही. नंतर मेंदी लावताना नवरीनं मूठ घट्ट मिटून घेतली. सासूनं तळहातावर सोन्याचं नाणं ठेवल्यावरच ती उघडली. ही सासूकडून वसुली करायची पद्धत मला फारच आवडली.

आणि मग नाच सुरू झाला. डोळे पुसत असलेल्या त्याच बायका उठल्या. डोक्याला रुमाल बांधलेल्या आजी, लठ्ठ मावशा, जीन्समधल्या पोरी. कुणाच्याच अंगावर चमचमती चोळी नव्हती. पण हालचाली त्याच! छाती आणि खांदे स्थिर, आणि कंबर आठच्या आकड्यासारखी फिरतेय. गुडघे भराभर हलवले की सगळा घेर थरथरतो, पोटाचे स्नायू वरून खाली लाटेसारखे सोडता येतात. काकूंच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, पण त्यांनी दोन्ही हात पसरून पोटाला असा काही झटका दिला की हॉल शिट्ट्यांनी दणाणला. तुर्कीत आनंदानं नाचण्याला ‘गोबेक आतमाक’ म्हणतात, शब्दशः ‘पोट टाकणे’. आपण जन्मभर पोट आत घेतो, या बाहेर टाकतात!

त्यात शृंगार नव्हता असं म्हणणार नाही. होता, भरपूर होता. डोळे मिचकावणं, ओठ चावणं, नवरीला पहिल्या रात्रीवरून चिडवणं, सगळं होतं. पण आपल्या डोहाळजेवणात किंवा मंगळागौरीला माजघरात उखाण्यांतून जे चालतं, त्याच जातीचं ते होतं. ते कुणाला दाखवायचं नव्हतं. पाहणारीच पुढच्या क्षणी नाचायला उठत होती.

मग या नाचाचं अड्ड्यावरचं चित्र आलं कुठून? घरी परतल्यावर मी वाचत गेले. लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज वकिलाच्या बायकोनं १७१७ च्या सुमाराला तुर्की बायकांच्या अंतःपुरात हा नाच पाहिला आणि त्याच्या मादकपणाचं पत्रांतून मोठं कौतुक केलं. ती बाई होती म्हणून आत जाऊ शकली. अंगर नावाच्या फ्रेंच चित्रकाराला ती पत्रं मिळाली. कधीही तुर्कस्तानात पाऊल न टाकता त्यानं वयाच्या ऐंशीनंतर ‘तुर्की हमाम’ रंगवला. विवस्त्र बायकांचा नुसता ढीग! आज तो पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. पुढे १८९३ साली शिकागोचं जागतिक प्रदर्शन भरलं (विवेकानंदांनी गाजवलेली सर्वधर्मपरिषद त्याच निमित्तानं झाली). तिथं ‘कैरोचा रस्ता’ उभारला होता. त्यात नाचणाऱ्या बायकांच्या अंगावर झगा, जाकीट सगळं होतं, तरी जाहिरात झाली ती पोटाची! ‘बेली डान्स’ हे नाव अमेरिकेत तिथूनच रुळलं. आणि ती चमचमती चोळी? ती कैरोच्या नाइट क्लबांत १९२०-३० च्या दशकांत आली, बरीचशी हॉलिवूडच्या सिनेमांकडे बघून. म्हणजे त्यांनी आपल्याला जसं रंगवलं, तसे कपडे यांनी शिवून घेतले.

इस्तंबूलमध्ये पोटासाठी नाचणाऱ्या बायका पूर्वीपासून होत्याच. त्यांना ‘चेंगी’ म्हणत. त्यांत रोमा, म्हणजे जिप्सी समाजाच्या पुष्कळ. पुरुषांच्या बैठकीत बायकी पोशाखातली पोरं नाचत, आपल्या तमाशातल्या नाच्यासारखी. सुलुकुले ही रोमांची वस्ती नाचगाण्यासाठी प्रसिद्ध होती. तिथली नाचगाण्याची घरं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पाडली गेली आणि त्याच शतकाच्या शेवटाला नव्हे, तर पुढच्या दशकात, २००८-०९ च्या सुमाराला वस्तीच पाडली. दुसरीकडे १९८० च्या ३१ डिसेंबरच्या रात्री सरकारी टीव्हीवर नेसरीन टोपकापी नाचली आणि अख्खा देश कुटुंबासह बसून बघत होता. बघायला सगळ्यांना आवडतं. लावणीचं आपल्याकडे काय निराळं आहे?

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, पण काकूंची धाकटी लेक मध्ये आली. नर्सिंग शिकणारी, गुणाची पोर. त्या रात्री सगळ्यांत सुंदर ती नाचली होती. कोलोनमध्ये संध्याकाळच्या वर्गांतून जर्मन बायका हौसेनं हा नाच शिकतात. माझ्या लेकीची सुईणसुद्धा जायची. त्या वर्गाच्या बाईंनी या पोरीला शिकवायला बोलावलं आणि काकूंनी घर डोक्यावर घेतलं. त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द मला कळला, ‘दान्सोझ’. नाचणारी. तो त्या कशा उच्चारत होत्या, ते ऐकून अर्थ विचारावा लागला नाही.

आठ दिवसांनी पोर आमच्याकडे येऊन बसली. लेकीनं भाषांतर केलं. ‘‘तेझे,’’ म्हणजे मावशी, ‘‘मेंदीच्या दिवशी आईच मला पुढे ढकलत होती. हॉलमध्ये चालतं, मग वर्गात काय होतं? तिथंही बायकाच असतात. तुमच्या मुलीनं विचारलं असतं तर?’’

मला नववीतलं गॅदरिंग आठवलं. लावणीत माझं नाव होतं. आईनं नऊवारी काढून ठेवली होती. बाबांनी शाळेत चिठ्ठी पाठवली आणि नाव कापलं गेलं. आई साडी पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवताना एक शब्द बोलली नव्हती. आणि आज मी काय बोलले? ‘‘आईचंही बरोबर आहे गं, लोक नावं ठेवतात.’’ लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य भाषांतर न करताच सोडून दिलं. काय सांगितलं तिनं त्या पोरीला, मला आजतागायत माहीत नाही. पोरगी मात्र उठून माझ्या लेकीच्या गळ्यात पडली.

पोर वर्गात शिकवायला लागली, हे मला इकडे परतल्यावर फोनवर कळलं. काकू दोन महिने तिच्याशी बोलत नव्हत्या म्हणे. मग एक दिवस त्याच तिला वर्गापर्यंत सोडायला गेल्या. आत गेल्या नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिल्या.

निघताना त्या पोरीनं मला कमरेला बांधायचा रुमाल दिला होता, काठाला पितळी नाणी लावलेला. तो कपाटात साड्यांच्या खाली आहे. कधीमधी दुपारी मी स्वयंपाकघराचं दार लोटून तो बांधते. परवा बाहेरून ह्यांनी विचारलं, ‘‘कसला गं आवाज?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हटलं, ‘‘चिल्लर मोजतेय.’’